पितळ की गनमेटल

राइस मिलवाले भैयालाल शेठ मशीनच्या फिरत्या दांड्याचा झिजलेला पितळी बुश घेऊन तुमसरात रत्नाबाईंच्या लेथवर आले, तेव्हा मिल दोन दिवसांपासून बंद होती आणि फाटकाबाहेर धानाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं रत्नाबाई एकट्याच ते दुकान चालवत होत्या.

त्यांनी बुश बोटांत फिरवून पाहिला. “शेठ, एवढा लोड पितळेले नाही झेपत. या टायमाले गनमेटलचा करा.”

शेठ हसले. “बाई, तुमचं काम कापाचं. धातू कोणता घ्याचा, ते मी जाणकाराले विचारतो.”

कापायला माझे हात चालतात, फक्त माझं सांगणं नाही चालत, असं मनात म्हणत रत्नाबाईंनी ग्रीसचा डबा उघडला. शेठनी त्यांच्यासमोरच पायावर पाय टाकून नागपूरच्या धातूच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि बुशचा फोटो पाठवला. व्यापारी म्हणाला, “दहा मिनिटं द्या शेठ, आमच्या एक्स्पर्टला विचारून सांगतो.”

“पाहा,” शेठ म्हणाले, “मोठ्या ठिकाणी असं काम चालते. इथल्यासारखं अंदाजपंचे नाही.”



तेवढ्यात रत्नाबाईंचा फोन वाजला आणि हात ग्रीसने भरलेले म्हणून त्यांनी तो स्पीकरवर घेतला: “नमस्कार ताई, नागपूरवरून बोलतो. एका बुशचा फोटो पाठवला आहे, कोणता धातू लागेल ते जरा सांगा ना. गिऱ्हाईक तुमच्या तुमसरचंच आहे, पण त्याला काही म्हणजे काही समजत नाही.”