परसातली पॅसेंजर

अभयनं इंजिन रुळावर ठेवलं आणि भामाबाईचा जीव भांड्यात पडला.

डबे केव्हाच झाले होते. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून, ठोकून, घासून तिच्या लेकानं पडेगावच्या घरामागं हुबेहूब पॅसेंजर उभी केली होती. खिडक्यांना सायकलच्या स्पोकचे गज, आत आइस्क्रीमच्या काड्यांची बाकं, शेवटच्या डब्यावर पिवळी फुलीसुद्धा. शेवग्याला वळसा घालून, पाण्याच्या टाकीमागून रूळ फिरवले होते. पण इंजिन? इंजिनाचं नाव काढलं की गडी उठून जायचा. डबे हातानं ढकलायचा. खरीखुरी आगगाडी हाकणारा माणूस गुडघ्यावर रांगत पत्र्याचे डबे ढकलतोय, हे आईनं कुठल्या डोळ्यांनी बघायचं?

अभय रेल्वेत ड्रायव्हर. उन्हाळ्यात लासूरच्या अलीकडं त्याच्या गाडीखाली एक माणूस आलं. अभयची काही चूक नव्हती, साहेबांनीही तसंच सांगितलं. कोण होतं, कसं झालं, घरात त्यानं चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून रजेवर होता, आणि आता सोमवारी हजर व्हायचं होतं. नाही गेला तर इंजिन कायमचं सुटणार, कुठल्या तरी ऑफिसात टेबलाशी बसवणार. आणि या पोराला लहानपणापासून इंजिनाशिवाय दुसरं काही म्हणजे काही आवडलेलं नव्हतं.

शेजारच्या मनकर्णाबाईनं सुचवून बघितलं होतं, "उतारा टाका की एखादा. पोरानं धसका घेतलाय."

"आमच्यात नसतंय तसलं काय," म्हणून भामाबाईनं तिला जागच्या जागी गप्प केलं. पण धसका हा शब्द मनात रुतून बसला तो बसलाच.

धसका काढायची तिची स्वतःची रीत होती. लहानपणी अभय कुत्र्याला भ्यायला लागला, तर तिनं त्याच कुत्र्याला त्याच्याच हातानं भाकर घालायला लावली होती. विहिरीला भ्याला, तर कडेवर घेऊन विहिरीत डोकावायला लावलं. ज्याची भीती त्यालाच जाऊन शिवायचं, की भीती पळाली. आजवर कधी फसलं नव्हतं.

आज सकाळी तो आपण होऊन इंजिन घेऊन बाहेर आला, तेव्हा त्याची बायको करुणा चहा घेऊन दारातच उभी राहिली.

"अहो, हे कधी केलंत?"

"झालं बसल्या बसल्या," तो म्हणाला.

शहागंजच्या बाजारातून आणलेली खेळण्यातल्या जीपची मोटर आत होती आणि बटण इंजिनाच्या टपावर. त्यानं बटण दाबलं. गाडी घरघरत निघाली, जास्वंदीखालून गेली, वळणावर जराशी डुलली, पण पडली नाही. अभय उकिडवा बसून बघत होता. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू आलं, आणि करुणानं पदरानं डोळे टिपले.

एवढ्यावर थांबायचं ना! पण आईचं मन. भामाबाईला वाटलं, हीच वेळ आहे. गाडी टाकीमागं गेली तशी ती पदर खोचून पुढं झाली आणि शेवग्याखाली, रुळाच्या मधोमध, मांडी घालून बसली.

"आई, उठा! काय करताय हे?" करुणा म्हणाली.

"गप गं तू. बघू दे त्याला. एवढीशी गाडी, खाती व्हय मला?"

गाडी टाकीमागून बाहेर आली. अभयनं मान वर केली आणि त्याला आई दिसली.

"आई, ऊठ! ऊठ तिथून! ऊठ!"

असा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. चार पावलं पुढं गेला असता तर बटण हाताला लागलं असतं. पण पाय हलेनात. त्याचा एक हात हवेतच काहीतरी खेचत होता, पुन्हा पुन्हा खेचत होता, आणि दुसऱ्या हाताचा तळवा नसलेलं काहीतरी दाबत होता. भामाबाईला काही उमजेना. करुणाला उमजलं. तो ब्रेक मारत होता आणि हॉर्न वाजवत होता.

इंजिन येऊन भामाबाईच्या गुडघ्याला टेकलं. मांजरानं डोकं लावावं, इतकंच. मागचे डबे खटाखट एकमेकांवर आपटले आणि गाडी उभी राहिली.

"बघ," भामाबाई म्हणाली. आणि हसली. "बघ रे माझ्या राजा, काय झालं का मला? थांबली का नाय?"

अभय कसाबसा आला आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसला.

"ती बी अशीच बसली होती," तो म्हणाला. "म्हातारी. तुझ्याएवढीच."

भामाबाईला आता उमजलं. आपण हे काय करून बसलो! तिनं त्याचा चेहरा ओंजळीत घ्यायला दोन्ही हात पुढं केले. त्यानं ते बाजूला सारले आणि तिच्या गुडघ्याशी, इंजिनाखाली बोट दाखवलं.

"थांबली नाय, आई. चाकं फिरायलेत अजून."