पंख्यातले चुरमुरे

कुंभकोणमला आमचा टायपिंगचा वर्ग होता, तेव्हापासून दर आयुधपूजेला यंत्रांना कुंकू लावून पुढे चुरमुरे-डाळं ठेवायची आमची रीत. वर्ग बंद झाला, पुढे हेही गेले. मागे राहिला ह्यांचा कॉम्प्युटर. त्यात सासूबाईंच्या आवाजातली अंगाईगीतं होती, आणि ती दुसरीकडे कुठेच नव्हती. यंदा पूजेच्या दुसऱ्या दिवशी तो सुरू होताहोताच बंद पडू लागला.

माझी जुनी विद्यार्थिनी वडिवू आता कॉम्प्युटर दुरुस्त करते. तिने कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतल्या पंख्यात चुरमुरे अडकले होते.

"टीचर, नैवेद्य पुढे ठेवायचा, यंत्राच्या पोटात भरायचा नाही!"

"मी कशाला भरू? अजून भानावर आहे मी!"

तिने पंखा साफ केला, झाकण लावलं, बटण दाबलं. पडदा उजळला आणि विझला. तिने पुन्हा उघडलं. पंख्यात पुन्हा चुरमुरे, अगदी कुरकुरीत. या खेपेला डाळं मात्र निवडून एका कडेला रचलेलं.

ह्यांना डाळं चावत नसे. ते असंच कडेला काढून ठेवत.

"टीचर, मी येते," वडिवू उठलीच.

"बस गं! आधी गाणी काढून दे. ह्यांना खाण्यावर कॉफी लागायची, तेवढीच राहिली असेल." मी पेलाभर कॉफी डब्याशेजारी ठेवली.

वडिवूने पंखा पुन्हा साफ करून बटण दाबलं. या वेळी कॉम्प्युटर निमूट सुरू झाला. सासूबाई गाऊ लागल्या. डोळे पुसत मी म्हटलं, "ऐकतेस ना?"

 वडिवू पेल्याकडे बघत होती. कॉफी हळूहळू खाली उतरत होती.