दोघांनाही टिक

“एकशे बारा!” नॉर्मन बेडरूममधून ओरडला. “लिझी, ऐकलंस का? एकशे बारा जणांनी मला टिक केलंय!”

“ऐकलं रे बाबा, ऐकलं,” लिझी म्हणाली आणि तिने अभिजितच्या ताटात हमूर माशाचं कालवण वाढलं. सकाळपासून हा माणूस क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या पोलचा आकडा सांगत होता.

संध्याकाळी मतदान होतं. दोह्यातल्या मराठी संघाची निवडणूक अजून महिनाभर लांब होती, पण त्यांच्या एकजूट पॅनलचा अध्यक्षपदाचा उमेदवार कोण, हे पॅनलचे सभासद आज चिठ्ठ्या टाकून ठरवणार होते. समोरच्या पॅनलमध्ये काही दम नव्हता. तेव्हा आज निवडून येईल तोच अध्यक्ष, असं सगळे धरून चालले होते. उमेदवार दोन. एक नॉर्मन, दोह्याच्या बंदरात केस पिकवलेला. दुसरा हा अभिजित, वेस्ट बेमधल्या एका बँकेत आयटीत असलेला आणि दर शुक्रवारी न चुकता लिझीच्या हातचं जेवणारा. निवडणुकीत एकमेकांसमोर उभे आहोत म्हणून शुक्रवारचं जेवण चुकवावं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

नॉर्मनने कंपनीला सांगून ठेवलं होतं, निवडून आलो तर आणखी दोन वर्षं थांबतो, नाहीतर डिसेंबरमध्ये खलास. लिझीला डिसेंबर हवा होता. वसईला हौसेने बांधलेलं घर कुलूप लावून पडलं होतं आणि बाईने त्यात सलग महिनाभरसुद्धा संसार केला नव्हता. हॉस्पिटलात नर्स म्हणून वॉर्डात उभं राहून राहून पाय ठणकायचे ते वेगळंच. नवरा हरावा असं तिला अगदी मनापासून वाटत होतं, आणि तो हरलेला तिला बघवणारही नव्हतं. अशी सगळी पंचाईत!

“आन्टी,” अभिजित हळूच म्हणाला, “त्या पोलवर जाऊ नका हां.”

त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. ग्रुपवरच्या त्या पोलमध्ये एकाहून जास्त नावांवर टिक करता येत होतं, वर कोणी कुणाला केलं तेही सगळ्यांना दिसत होतं. मग काय विचारता! अंकलना वाईट वाटायला नको, अभिजितलाही वाटायला नको. जो तो दोघांनाही टिक करून मोकळा झाला होता. नॉर्मनला एकशे बारा, तर अभिजितला एकशे पंधरा. पण नॉर्मनने आपल्या नावाच्या खाली बघितलंय कशाला!

“चिठ्ठी मात्र मला देणार म्हणतात,” अभिजित म्हणाला. “बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीतली पोरंसुद्धा.”

“तुला तरी खरं सांगतात कशावरून?”

“सांगताना मान खाली घालतात, आन्टी. अंकलनीच एअरपोर्टवरून आणलंय ना त्यांना. मलाही त्यांनीच आणलं होतं.” त्याने घास ताटातच ठेवला. “मी नाव मागे घेतो. अंकल हरलेले मला नाही बघवणार.”

लिझीचा हात वाढता वाढता थांबला. ‘घे’ म्हटलं की नॉर्मन जिंकला, आणि तिची दोन वर्षं गेली. ‘नको’ म्हटलं की संध्याकाळी भर हॉलमध्ये तो तोंडघशी पडणार. पोराचा तिला असा राग आला, आणि त्याच्यावर अशी माया दाटून आली, की तिने न विचारताच त्याच्या ताटात आणखी एक तुकडा घातला.

तेवढ्यात नॉर्मन मोबाइलमध्ये बघत बाहेर आला. “भाषणाचा शेवट ऐका. ‘आणि माझी बायको लिझी, जिने माझ्यासाठी आणखी दोन वर्षं इथे थांबायचं आनंदाने कबूल केलं...’”

“मी कधी कबूल केलं?”

“नाही कुठे म्हणालीस?”

“तुला तोंडावर नाही म्हणतंय कोण, नॉर्मन?” लिझीचा आवाज चढला. “तू विचारतोसच असा, की माणूस हो म्हणून सुटका करून घेतो. अख्ख्या दोह्याला विचारत फिरलास. मला विचारलंस? मला घरी जायचंय! आणि तो पोल एकदा नीट बघ. सगळ्यांनी दोघांनाही टिक केलंय. मीसुद्धा.”

नॉर्मनने पोल उघडला. या वेळी बोट खाली सरकवलं. अभिजितला टिक करणाऱ्यांच्या नावांत बायकोचं नाव त्याने बराच वेळ वाचलं, आणि खुर्ची ओढून तो बसला.

“अंकल, मी नाव मागे...”

“गप जेव तू,” नॉर्मन म्हणाला. “मागेबिगे काही घ्यायचं नाही. पडू देत चिठ्ठ्या.”

अभिजित नुसताच भात कालवत राहिला.

“तिकडे मला कोण ओळखतं, लिझी?” नॉर्मन खाली बघत म्हणाला. “इथे निदान कुणी अडकलं की माझा फोन वाजतो.”

लिझीला गलबलून आलं. याला खुर्चीची हाव सुटलीय, असं समजून इतके दिवस ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती. आणि हा वेडा घाबरला होता!

“मी ओळखते ना,” ती म्हणाली.

नॉर्मनने नाक ओढलं. “यल्ला, चला, उशीर होतोय,” म्हणत तो उठला आणि आरशासमोर उभा राहून टायशी झटापट करू लागला. दोनदा गाठ मारली, दोनदा सोडली.

लिझीने पदराला हात पुसावेत तसे गाऊनलाच पुसले आणि त्याला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं.

“इकडे दे,” ती म्हणाली. “हरायला जायचंय तर नीट टाय बांधून जा.”