लोकरीचा बोळा

त्रेंबितेच्या तोंडातून वासिलिनानं बोळा ओढून काढला, तर तो तिच्याच लोकरीचा निघाला. नव्या घोंगडीसाठी तिनं पिंजून ठेवलेली, पांढरीशुभ्र. माणसाच्या दुप्पट लांबीची ती लाकडी तुतारी. फुंकली की तीन डोंगरांपलीकडे ऐकू जायची. त्या तुतारीला वासिलिनाच्या नवऱ्यानं, तानासनं, बोळा कोंबून मुकं केलं होतं.

"उंदीर शिरतात," तानास म्हणाला.

चाळीस वर्षांच्या संसारात त्रेंबितेत उंदीर कधी शिरले नव्हते. घरात शिरली होती ती ल्वीव शहरातून आलेली झोर्याना.

आली होती डोंगर बघायला. दोन दिवसांसाठी माडीवरची खोली घेतली, आणि तिसरा आठवडा लागला तरी हलायचं नाव नाही. तिला थांबवून घेतलं ते तानासनंच. भाडंसुद्धा नको म्हणाला, फक्त राहा म्हणाला. शहरात ती बँडमध्ये ट्रंपेट वाजवायची, म्हणून त्रेंबितेतून तिनं पहिल्याच फुंकरीत आवाज काढला. "याला म्हणतात दम," असं तानास बोलून गेला आणि वासिलिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दम! वासिलिनाला विहिरीवरून एक बादली आणताना तीनदा टेकावं लागायला लागलं होतं. जिल्ह्याच्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या होत्या. डॉक्टरनं लिहिलेली चिठ्ठी तानासच्या खिशातच राहिली होती. तेव्हापासून बादल्या तोच आणायचा, मक्याच्या कण्यांवर साय तिच्याच ताटात जास्त ओतायचा. नवरा एवढा गोड वागायला लागला की पाणी कुठंतरी मुरत असणारच, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

गावात त्रेंबिता वाजवणारे दोघंच होते, तानास आणि नदीपलीकडचा यूरा. तानासची आई गेली तेव्हा यूरानं वाजवली, कारण ज्या घरचं माणूस जातं त्या घरच्यानं त्रेंबितेला ओठ लावायचे नाहीत. त्या दिवशी तानास मांडीवर हात ठेवून बसून होता, डोळ्यांत टिपूस नाही. मागच्या थंडीत यूरा गेला आणि तानासनं वाजवली. आता तो एकटाच उरला होता. विद्या बुडू नये म्हणून शिकवतोय, असं तो लोकांना सांगायचा. तरणी पोरं सगळी पोलंडला कामाला गेली, हे खरं. पण म्हणून काय ही निळ्या डोळ्यांची शहरी बाईच सापडली?

रोज सकाळी दोघं त्रेंबिता खांद्यावर घेऊन वरच्या कुरणात जायची. वासिलिना मागावर बसून कान टवकारायची, पण ऐकू काही यायचं नाही. शेजारीण ओडोकिया कुंपणावरून विचारायची, "तुझ्या पाहुणीला वरचं गवत फारच मानवलंय, नाही का?" वासिलिना हसून साजरं करायची आणि आत येऊन धोटा आपटायची.

एकदा जेवताना तिनं थेट विचारलं, काय शिकवतो गं हा तुला? झोर्यानाचे डोळे भरून आले. तिनं वासिलिनाच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "काकू, मला नाही सांगता येणार." वासिलिनानं हात झटकला. सांगणार कसं? तोंड आहे का सांगायला?

बोळा सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माग सोडून उठली. प्रत्येक कुंपणाला टेकत, छाती धरून, एकदाची कुरणावर पोचली. गवताच्या झोपडीमागे झोर्याना त्रेंबिता फुंकत होती. पुन्हा कोंबलेल्या बोळ्यातून नुसती घरघर बाहेर पडत होती. तानास तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता आणि ढसाढसा रडत होता. आईच्या मयताला न रडलेला तिचा नवरा, या बाईच्या खांद्याशी! वासिलिनाला वाटलं, इथंच जमीन दुभंगावी.

तिनं पुढं होऊन बोळा उपसला आणि गवतात भिरकावला.

"वाजव," ती झोर्यानाला म्हणाली. "माझ्यापासून लपवून काय शिकवलं यानं, ते सगळ्या गावाला ऐकू दे."

"वासिलिना, नको गं," तानास म्हणाला. "घरी चल."

"ही वाजवेपर्यंत मी इथून हलायची नाही."

झोर्यानानं तानासकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग तिनं त्रेंबिता उचलली आणि फुंकली.

पहिले तीन लांब सूर दरीत उतरले. खाली गवत कापणाऱ्यांचे विळे थांबले. पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. ओडोकियानं अंगणातच छातीवर क्रुसाची खूण केली आणि तोंडाभोवती हात धरून वर हाक मारली, "तानास, कोण गेलं रे?"

तानासनं खाली पाहिलंच नाही. तो वासिलिनाकडे बघत होता.