नगराध्यक्षांपुढचं गाऱ्हाणं

वाउटर साहेब नेदरलँड्समधल्या एका छोट्या गावाचे वीसएक वर्षं नगराध्यक्ष होते. आता विस्मरण जडलं म्हणून लेकीने त्यांना मस्कतला, अल अमेरात भागातल्या आपल्या घरी आणून ठेवलं होतं. रोज सकाळी ते कोट चढवून दाराशी यायचे. "उघड लवकर, लोक खोळंबलेत माझ्यासाठी."

"साहेब, आज सुट्टी आहे," असं म्हणत त्यांची देखभाल करणारा श्रीवर्धनचा मुजम्मिल त्यांना परत खुर्चीत बसवायचा. दाराला कायम कुलूप ठेवायची मॅडमची, म्हणजे साहेबांच्या लेकीची, सक्त ताकीद होती.

मुजम्मिलच्या लेकीचा, अफशाचा निकाह ठरला. त्याने रजा मागितली, तर मॅडम म्हणाल्या, "मग पप्पांना कोण सांभाळणार? पुढच्या वर्षी जा." निकाहाच्या दिवशी त्याने मोबाईलवरच लेकीची पाठवणी केली आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंड दाबून रडू लागला.

खांद्यावर हात पडला. साहेब होते. त्याच्या हातात पाण्याचा ग्लास देऊन ते समोर खुर्ची ओढून बसले आणि जुन्या अधिकाराने म्हणाले,


"घाबरू नका. कोणी कोंडून ठेवलंय तुम्हाला? नाव सांगा, मी सोडवतो."