माहेरची हाक

"लहानपणच्या नावानं हाक मारा, तरच पणजी बोलेल," गेलेल्या माणसांचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रापाशी बसलेली मुलगी म्हणाली. "केस एकदाच उजळतात, मग संपलं."

यंत्राच्या काचेत पणजीच्या जपून ठेवलेल्या वेणीतले केस मंद उजळू लागले. तिच्या ओव्या घरात कुणालाच पुऱ्या येत नव्हत्या. त्या तिच्याच तोंडून ऐकायला हेमांगी आली होती. लग्नाच्या जुन्या नोंदीतलं नाव तिनं घेतलं, "इंदिरा!"

काच मुकीच.

"अहो ताई, हे सासरी ठेवलेलं नाव असणार. माहेरचं बघा की, लवकर!"

हेमांगीनं नोंद पुन्हा वाचली. वधूच्या माहेरचं म्हणून फक्त बापाचं नाव होतं. "बाळे... माये..." ती हाका मारत राहिली. केस विझत गेले.

वराच्या घोडीचं नाव मात्र नोंदीत ठळक लिहिलेलं होतं, चंद्रा.