काचेबाहेरचे आजोबा

"आधी सिगारेट सोडा, मगच नातीला हात लावा," तिने बाबांना बजावलं होतं. ते बिचारे खिडकीबाहेरूनच काचेवर तळवा टेकवून नातीला खेळवायचे. "दुपारपर्यंत दम धरतो गं, मग रक्तच मागायला लागतं."

"रक्ताला कशाला बोल लावता? मन घट्ट करा!"

बाबांना जाऊन महिना झाला. आज ती काम करायची त्या लॅबमध्ये जनुकं तपासायचं नवं मशीन आलं, म्हणून चाचणीला तिने स्वतःचंच रक्त दिलं. रिपोर्ट बघून लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "तुझ्या अंगात निकोटिन टिकणारच नाही, भराभर जळून जाईल. अशांची सिगारेट सुटता सुटत नाही. आईवडिलांकडून येतं हे. नशीब, तू ओढत नाहीस!"

 

घरी येताच तिने लेकीला कडेवर घेतलं आणि काचेवर बाहेरून उमटलेल्या बाबांच्या तळव्यावर तिचा चिमुकला हात आतून टेकवला.